मुकादमाची वही आणि बांधकामाच्या माहितीप्रणाली

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर जुन्या विठ्ठल सायन्ना सिव्हिल हॉस्पिटलच्या जागी ९०० खाटांचे नवे रुग्णालय उभे राहत आहे. जांभळी नाक्याकडून कोर्ट नाक्याकडे जाणारा माणूस पत्र्याच्या कुंपणावरून डोकावणारी क्रेन पाहतो आणि काम कुठवर आले याचा अंदाज बांधतो. ठाण्यात तर अशी कुंपणे जागोजागी आहेत. घोडबंदर रस्त्यावर वडाळा–कासारवडवली मेट्रोचे खांब, किसननगरात समूह पुनर्विकास, नौपाड्यात एकेका गल्लीत दोन-दोन जुन्या सोसायट्या पाडून चाललेले नवे काम. कल्याण–डोंबिवलीकडेही तेच चित्र आहे.

या कुंपणांच्या आत रोज किती माहिती तयार होते, कोण लिहिते, कुठे जाते आणि कुठे हरवते, हा या लेखाचा विषय आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या माहितीसाठी संगणकप्रणाली आल्या, ॲप आले, सरकारी पोर्टले आली. त्यांतल्या काही रुजल्या, बऱ्याच नुसत्या भरल्या जातात. ठाणे–कल्याण पट्ट्यातल्या साइटवर बसून, वह्या चाळून, सुपरवायझर आणि मुकादमांशी बोलून माझे एक मत पक्के झाले आहे. जी प्रणाली काम करणाऱ्यांच्या सोबत, कामाच्या जागी बसून घडवली जाते तीच टिकते. बाकीच्या प्रणाली साइटवरच्या माणसाचे काम वाढवतात आणि वरच्याला खोटी खात्री देतात.

एका स्लॅबची रात्र घ्या. ८० घनमीटर काँक्रीट ओतायचे आहे. सहा घनमीटरचा ट्रान्झिट मिक्सर धरला तर चौदा गाड्या लागतात. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असल्यामुळे काम रात्रीवर ढकललेले असते. प्रत्येक गाडीबरोबर चलन येते. त्यावर ग्रेड, प्रमाण आणि प्लान्टमधून निघाल्याची वेळ असते. तयार काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार माल भरल्यापासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. गायमुखच्या चढावर एखादा ट्रक बंद पडला की हे दोन तास रस्त्यातच संपतात. मग रात्री साडेअकराला पंचविशीतला कनिष्ठ अभियंता स्लम्प घेतो, म्हणजे मालाचा घट्ट-पातळपणा तपासतो, चलनावरची वेळ बघतो आणि गाडी घ्यायची की परत पाठवायची ते ठरवतो. त्याच वेळी तो ताकद तपासण्यासाठी क्यूब भरून घेत असतो. आयएस ४५६ प्रमाणे ८० घनमीटरला पाच नमुने, प्रत्येकी तीन, म्हणजे पंधरा क्यूब. त्यांचा निकाल अठ्ठावीस दिवसांनी येणार. तोवर वर आणखी दोन स्लॅब पडलेले असतात.

आता हाच ८० चा आकडा किती ठिकाणी लिहिला जातो पाहा. गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये, स्टोअरकीपरच्या वहीत, पोर कार्डावर, क्यूब रजिस्टरमध्ये, सकाळच्या डीपीआरमध्ये (रोजच्या प्रगती अहवालात), ठेकेदाराच्या चालू (आरए) बिलात, सल्लागाराच्या मोजमापात, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोसह. एवढे झाल्यावर दोन दिवसांनी कार्यालयातला कुणी तरी तो कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालतो. नऊ नोंदी, नऊ हात. आणि त्या रात्री सर्वांत महत्त्वाची असलेली गोष्ट, म्हणजे अकरावी गाडी उशिरा आली आणि तिचा माल गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यात पडला, ती या नऊपैकी एकाही रकान्यात बसत नाही. ती त्या पोराच्या डोक्यात राहते. पोरगा सहा महिन्यांनी दुसरी नोकरी धरतो.

एका साइटवर महिनाअखेरीस सिमेंटचा वापर सॉफ्टवेअरमधल्या सैद्धांतिक आकड्याशी जुळवून लिहिताना मी पाहिले. त्यात चोरी नव्हती. फरक दाखवला की मुख्यालयातून खुलासा मागितला जाई, आणि खुलासा लिहायला स्टोअरकीपरकडे वेळ नव्हता. म्हणून आकडा जुळवला गेला. मुख्यालयात पडद्यावर हिरवा ठिपका दिसला. त्या स्टोअरकीपरला दोष देण्याआधी ती प्रणाली बनवणाऱ्याने त्याच्या टेबलाशी एक दिवस तरी काढला होता का, हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न आजचा नाही आणि आपल्यापुरताही नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत क्रिटिकल पाथ पद्धत आणि नौदलाच्या पोलारिस प्रकल्पात पर्ट पद्धत घडली. कामांचे जाळे मांडायचे, सर्वांत लांब वाट शोधायची आणि तारखा काढायच्या, हे तंत्र आजच्या प्रत्येक बार चार्टच्या मुळाशी आहे. पण ते वरून खाली बघते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या अभ्यासकांनी १९६५ आणि १९६६ मध्ये ब्रिटिश बांधकामधंद्यातील संवादावर दोन अहवाल दिले, ते मला अधिक मोलाचे वाटतात. कागदावरची औपचारिक व्यवस्था एक असते आणि काम प्रत्यक्षात पुढे नेणारी अनौपचारिक व्यवस्था वेगळी असते, असे त्यांनी मांडले. बांधकामात प्रत्येक जण दुसऱ्यावर अवलंबून असतो आणि कोणालाच उद्याची खात्री नसते. त्यामुळे फोन, ओळख, शब्द यांवर काम चालते. साठ वर्षांनंतर ठाण्यातल्या कोणत्याही साइटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच वाचायला मिळते.

कामगारांना बरोबर घेऊन प्रणाली घडवायची कल्पना नॉर्वेत रुजली. सिम्युला ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक असलेले क्रिस्टन नीगार्ड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोह आणि धातू कामगार संघटनेबरोबर बसले. यंत्रे येणार आहेत, तर त्यांच्या नियोजनात कामगाराचा शब्द काय असेल, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९८० च्या दशकात ‘युटोपिया’ प्रकल्पात स्कँडिनेव्हियातल्या छपाई कामगारांनी आणि संशोधकांनी पुठ्ठ्याची खोकी मांडून, हा प्रिंटर, हा पडदा, असे धरून उद्याचे काम करून पाहिले. प्रणाली बनण्याआधीच चुका सापडल्या. अमेरिकेत ल्युसी सुचमन यांनी फोटोकॉपी यंत्रासमोर अडखळणाऱ्या माणसांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९८७ च्या पुस्तकात दाखवले की माणूस आधी आखलेली योजना जशीच्या तशी पार पाडत नाही. समोर जे येईल त्याला तो उत्तर देत जातो. सेंटरिंगवाल्या मिस्त्रीला हे कुणी सांगायला नको.

नॉर्वेची ही परंपरा भारतात पोहोचली ती आरोग्याच्या वाटेने. ओस्लो विद्यापीठाचा सहभाग असलेली, १९९४ नंतर दक्षिण आफ्रिकेत आरोग्यसेविकांसोबत काम करत वाढलेली डीएचआयएस ही प्रणाली पुढे केरळसह आपल्या काही राज्यांतही आली. बांधकामात मात्र तसा प्रवाह आपल्याकडे आला नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

बांधकामाच्या आतून उगवलेला सर्वांत ठोस प्रयत्न म्हणजे ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांची ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत. त्यांनी साइटवर जाऊन आठवड्याचे नियोजन तपासले, तेव्हा ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी त्या आठवड्यात पूर्ण होतात असे दिसले. कारणे साधी होती: ड्रॉइंग आले नाही, सळई आली नाही, आधीच्या टोळीने जागा मोकळी केली नाही. मग नियोजन शेवटच्या माणसाने, म्हणजे प्रत्यक्ष टोळी चालवणाऱ्याने करायचे, ‘हे मी करीन’ असा शब्द त्यानेच द्यायचा, आणि काम झाले नाही तर शिक्षेऐवजी कारण नोंदवायचे, अशी ही पद्धत आहे. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या एवढेच तिचे साहित्य. भारतातही काही मोठ्या कंपन्यांनी ती वापरली. पण चिठ्ठ्या लावायला मुकादमाला बोलावले जाते का, की अभियंतेच त्याच्या वतीने लावतात, यावर तिचे सगळे यश ठरते.

महाराष्ट्राचा हिशेब मांडताना मोठ्या प्रकल्पांना श्रेय दिलेच पाहिजे. नागपूर मेट्रोने त्रिमितीय आराखड्याला वेळ आणि खर्च जोडणारी ‘फाइव्ह-डी बिम’ प्रणाली प्रकल्पाच्या कामात वापरली. एकच मालक, एकच आराखडा, हाताशी प्रशिक्षित माणसे असतील तर हे जमते. ठाण्यातल्या सात मजली पुनर्विकासाला मालक म्हणजे तीस सभासदांची सोसायटी, एक विकासक, एक आर्किटेक्ट, एक आरसीसी सल्लागार आणि दहा उपठेकेदार असतात. तिथे ड्रॉइंगची तिसरी सुधारित प्रत आली तरी सळईवाला फिटर पहिल्या प्रतीवर काम करत असतो, कारण पहिली प्रत लॅमिनेट करून त्याच्या शेडमध्ये लावलेली आहे. बिमचे उत्तर या घरात चालत नाही.

सरकारी प्रणालींत दोन टोके दिसतात. आराखडे संगणकावर तपासणारी ऑटोडीसीआरसारखी साधने आणि २०२० च्या डिसेंबरातली एकत्रीकृत विकास नियमावली यांनी परवानगीच्या कामात खरी शिस्त आणली. १ मे २०१७ पासून महारेराने प्रकल्पाची माहिती ग्राहकासमोर उघडी केली. आर्किटेक्ट, अभियंता आणि सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांवर काम किती झाले हे घरबसल्या कळू लागले. हे मोठे पाऊल होते.

पण डोंबिवलीच्या ६५ इमारतींनी या व्यवस्थेतली फट दाखवली. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बनावट परवानग्या तयार झाल्या. त्यांच्या जोरावर महारेराची नोंदणी मिळाली. तो क्रमांक पाहून लोकांनी घरे घेतली, कर्जे काढली. प्रकरण एका वास्तुविशारदाने उघडकीस आणले, उच्च न्यायालयात नेले, विशेष तपास पथक नेमले गेले आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. या सगळ्याचे तांत्रिक मूळ अगदी लहान होते: एका कार्यालयाने दिलेला कागद खरा आहे का, हे दुसऱ्या कार्यालयाला विचारण्याची वाट प्रणालीत नव्हती. या आदेशाच्या आधी, पण नोंदण्या होऊन गेल्यावर, २०२३ मध्ये प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा थेट नियोजन प्राधिकरणाकडून करण्याची व्यवस्था आली. महारेराची प्रणाली आखताना कुणी आठवडाभर महापालिकेच्या नगररचना विभागात बसून, परवानगीचा कागद कसा निघतो, कोण सही करतो, त्याची खोटी प्रत कशी बनू शकते, हे पाहिले असते तर ही वाट पहिल्याच दिवशी ठेवली गेली असती. दलालांना ती फट माहीत होती. त्यांचे क्षेत्रीय ज्ञान आपल्यापेक्षा चांगले होते.

हजेरीच्या बाबतीतला धडा रोजगार हमीतून घ्यावा. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर मोबाइल ॲपमधून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. नेटवर्क नाही, फोन नाही, सर्व्हर बंद अशा तक्रारी गावोगाव झाल्या आणि काम करूनही मजुरांची हजेरी बुडाली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोवरून काढलेले फोटो चढवले जात आहेत, आणि पुन्हा माणसांकडून तपासणी करायला हवी. जी प्रणाली मजुरावर नजर ठेवण्यासाठी बनते, तिला चुकवायच्या युक्त्या निघतात. जिच्यातून मजुराला काही मिळते, तिच्यातली चूक तो स्वतः येऊन सांगतो.

म्हणून मी मुकादमाच्या वहीकडे येतो.

कल्याणजवळच्या एका साइटवर ठेकेदाराने हजेरीसाठी ॲप आणले. चेहरा दाखवायचा, हजेरी लागते. दोन महिन्यांनी ते बंद पडले. मुकादम सोलापूरकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, “साहेब, मोबाइलवर माणसाची हजेरी लावली, तर त्याची उचल कुठं लिहू?” आणि त्यांनी वही उघडून दाखवली. डावीकडे नाव, मग महिन्याचे रकाने. पूर्ण हजेरीला एक, अर्ध्याला अर्धी, रात्रपाळीसकट दीड. त्याच रांगेत शनिवारी दिलेली खर्ची, गावाला जाताना घेतलेली उचल, औषधाला दिलेले पाचशे, आणि एका कोपऱ्यात ‘भाऊ आला’ अशी नोंद, म्हणजे याच्या जागी चार दिवस भावाने काम केले. ती वही हजेरीपट होती, खातेवही होती आणि मजूर आणि मुकादम यांच्यातला करारही तीच होती. ॲप करणाऱ्याला त्यातला एक रकाना दिसला. तेवढाच उचलून त्याने फोनमध्ये टाकला आणि बाकीची वही मुकादमाला वेगळी लिहावी लागली. दोन ठिकाणी लिहायचे तर माणूस कोणते सोडेल, हे उघड आहे.

या वहीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती मुकादमाच्या हातात असते. उचलीचा आकडा मजुराला वाचता येत नाही, आला तरी खोडता येत नाही. झारखंड किंवा मालद्याहून आलेल्या मुलाला मराठीतली वही परकी असते. म्हणजे आहे तशी वही संगणकात घातली तर आहे तशी सत्ता संगणकात जाते. क्षेत्रात जाऊन प्रणाली घडवणे म्हणजे मुकादमाला विचारून थांबणे नव्हे. त्याच्या वहीत ज्याचे नाव आहे त्यालाही विचारावे लागते, तेही मुकादम समोर नसताना, संध्याकाळी लेबर कॅम्पवर, त्याच्या भाषेत.

आणि इथेच एक मोठी संधी वाया जात आहे. इमारत आणि इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला. बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो आणि महाराष्ट्रातले कल्याणकारी मंडळ त्यातून शिष्यवृत्ती, उपचार, अपघाती मदत अशा योजना चालवते. नोंदणीसाठी मजुराने गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. नाक्यावर सकाळी उभे राहून रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या बाईला असा दाखला कोण देणार? ती खेटे घालते, दलालाला पैसे देते. वास्तविक तिचे ९० दिवस लिहिलेले असतात, चार मुकादमांच्या चार वह्यांत. काम संपले की वही मुकादमाबरोबर जाते आणि दाखलाही तिच्यातच जातो. हजेरीचा प्रत्येक दिवस त्या बाईच्या नावावर जमा होईल अशी साधी व्यवस्था झाली, तर हजेरी खरी लागण्यासाठी कुणाला सक्ती करावी लागणार नाही. ती स्वतःच विचारेल की आज माझी लागली का.

अपघातांच्या नोंदीतही हेच. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंड कोसळून ७४ माणसे गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये बाळकुमला ४० मजली इमारतीतली बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार मेले. त्याआधी महिनाभरच शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर यंत्र पडून वीस जण मेले. मोठे अपघात चौकशीत येतात. पण लिफ्टची दोरी आवाज करते, ट्रॉली झटका देते, अशी गोष्ट लिफ्ट चालवणाऱ्याला आधी कळत असते. ती कुणाला सांगायची, सांगितल्यावर नोकरी राहील का, आणि सांगितलेले कुठे उरेल, या तिन्हींची सोय कोणत्या प्रणालीत आहे? मी पाहिलेल्या साइटवरच्या सुरक्षा-चेकलिस्टांत सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या, एकाच हाताने, एकाच पेनाने.

क्षेत्रकामाला वेळ आणि पैसा लागतो, ही तक्रार खरी आहे. संशोधक पहिले दोन आठवडे बाहेरचा असतो, लोक त्याला कार्यालयाचा माणूस समजतात. पावसात काम थांबते, टोळ्या शेतीला गावी जातात, परततात तेव्हा चेहरे बदललेले असतात. स्लॅबच्या रात्री जागावे लागते. एका साइटवरचे शिकलेले दुसरीकडे जसेच्या तसे लागत नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला हे परवडत नाही आणि विकत घेणाऱ्याच्या निविदेत त्याचा उल्लेखही नसतो. निविदेत किती वापरकर्ते आणि किती अहवाल हवेत हे लिहिलेले असते. कोणत्या माणसाच्या किती नोंदी कमी होणार, हे कधी लिहिलेले नसते.

तरीही हे अशक्य नाही. ठाणे, कळवा, कल्याण, नवी मुंबई या पट्ट्यात अभियांत्रिकी आणि वास्तुकलेची महाविद्यालये आहेत. अंतिम वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प करतात, बहुतेक खोलीत बसून. त्यांतल्या चौघांनी एका सत्रभर एका साइटवर बसावे: एक स्टोअरमध्ये, एक गेटवर, एक फिटरच्या शेडमध्ये, एक मुकादमाजवळ. कोण काय लिहितो, का लिहितो, कुणाला दाखवतो, काय लिहीत नाही, एवढेच टिपावे. पहिला नमुना पुठ्ठ्यावर काढून मुकादमाच्या हाती द्यावा आणि त्याने तो कसा वापरला ते पाहावे. फिटरच्या शेडमध्ये जुनी प्रत काढून नवी लॅमिनेट करण्याची एक ठरलेली वेळ आणि एक ठरलेला माणूस मिळाला, तरी ते मोठे सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा अधिक कामाचे ठरेल.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना, आणि कामगार मंडळालाही, माझी विनंती आहे. पुढची प्रणाली घेताना निविदेत एक कलम घाला: किमान तीन महिने तीन वेगवेगळ्या आकाराच्या साइटवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांबरोबर बसणे, आणि त्यांनी वापरून बरी म्हटल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. पुनर्विकासात असलेल्या सोसायट्यांच्या सभासदांनाही सांगणे आहे. महिन्यातून एकदा साइटवर जा, क्यूब रजिस्टर मागा, उशिरा आलेल्या गाडीचे काय केले ते कनिष्ठ अभियंत्याला विचारा, आणि मुकादमांना त्यांची वही दाखवायची विनंती करा. तुमचे घर बांधणाऱ्या बायामाणसांची नावे तुम्हाला तिथेच वाचायला मिळतील.